निळ्यातली रिकामी पट्टी

पहाटे साडेपाचला भद्रकालीत
निसारभाई शेळीचं चौथं पोट बांधून देतात,
काळ्या पिशवीत, अजून कोमट.
"मॅडम, आज भरपूर हायेत बघा,"
मेथी स्वस्त झाल्यासारखं सांगतात.
मी पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवते.
गंगापूर रोडच्या सिग्नलवर
शेजारची बाई पिशवीकडे बघते, मग माझ्याकडे.
मी हिरव्या दिव्याची वाट बघते.

ट्रेमध्ये पोट उलगडलं की ते हलतात,
घड्यांना तोंड लावून, बोटाच्या पेरापेक्षा थोडे लांब,
लाल-पांढऱ्या पिळाचे.
लाल म्हणजे आतडं, प्यायलेल्या रक्तानं भरलेलं,
पांढऱ्या त्या अंड्यांच्या नळ्या, लालाभोवती गुंडाळलेल्या.
राखीचा दोरा, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले
आणि खैरनार सरांनी चष्म्यावरून बघितलं.
पिळाच्या असतात त्या माद्याच.
नर बारके, नुसतेच तांबूस,
ते वेगळ्या बशीत.

सुईनं मान तोडायची, आतडं हळू ओढायचं.
भिंत एका पेशीची. तुटते.
सकाळभर बसून चिमूटभर होतं.
त्या चिमटीत विकरं आहेत:
एक रक्तातलं लाल प्रथिन मधोमध मोडतं,
दुसरं मोडलेलं आणखी मोडतं,
तिसरं भिंतीच्या झालरीवर बसून
तुटक्या माळेच्या टोकाचा एकेक मणी काढून घेतं.
घाई नाही. भांडण नाही.
आमच्या चाळीत पाणी सुटल्यावर
एवढी शिस्त कधी दिसली नाही.

पेठकडची मंजुळा भोये
मार्गशीर्षात शेळी घेऊन दवाखान्यात आली होती,
मी नमुने घ्यायला गेले होते तेव्हा.
शेळीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत होती.
डॉक्टरनं पापणी ओढली:
आत कागद. कोरा.
"चारा तर खाती ना," मंजुळा म्हणाली,
"मंग जातंय कुठं?"

कुठं जातंय ते मला नावानिशी माहीत होतं.
मी शेणाची डबी बंद केली.

सर म्हणतात, शेळीच्या रक्ताला जंताची कातडी ठाऊक असते,
आतलं आतडं ठाऊक नसतं,
ते तिला कुणी दाखवलेलंच नसतं.
दाखवलं तर?
हीच विकरं थोडी थोडी टोचून
रक्ताला आधीच शिकवून ठेवलं तर
जंत पिईल तेव्हा शिकलेलं रक्त पिईल,
आणि ते आत जाऊन
झालरीवर चिकटून बसेल, उठणार नाही.
सर हे सांगताना उभे राहतात.
आपल्याकडे अजून फक्त चिमूटभर आतडं आहे,
ह्याची आठवण मी त्यांना करून देत नाही.

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात
नर्सनं माझी पापणी ओढली, बोट टोचलं.
"नऊ. तुमचंच कमी आहे ताई. जेवता ना?"
जेवते की.
बिस्किट मात्र दिलं तिनं.

शनिवारी लाइट गेली.
जेल रात्रभर उबेत ठेवायची होती,
मी डबी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसले,
जनरेटरवाल्याला शिव्या देत,
अंगाच्या उबेत तिला जगवत.
जिलेटिन म्हणजे तरी काय, कुणाचीतरी हाडं, कुणाची कातडी.
त्यात ती विकरं रात्रभर जेवली.

सकाळी निळा रंग दिला. धुतला.
सगळं निळं, आणि मधे एक स्वच्छ पट्टी.
विकर दिसत नाही. त्यानं खाल्लेली जागा दिसते.
मी ती खिडकीशी धरली.
पट्टीतून मैदानाचा एक तुकडा दिसला,
वॉचमनची सायकल, अर्धी.

सोमवारी निसारभाई म्हणाले,
"आज पेठच्या बाजारातला माल हाय."
पिशवी नेहमीपेक्षा हलकी लागली.
जबड्याखाली थैली होती का,
हे विचारायला तोंड उघडलं
आणि सुटे पैसे आहेत का, ते विचारलं.